गीता चिंतन : अध्याय ५, श्लोक १८ – कागदी प्लेट्स



क्रमाने वाचायचं ठरवलं की नावडता श्लोक टाळता येत नाही. तरी मी दोन दिवस टाळला. काल-परवा इथे काही लिहिलं नाही ते तब्येतीमुळे नव्हे. पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक समोर होता.

अर्थ तुम्हाला ठाऊक आहेच. विद्या-विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस सारख्याच नजरेनं पाहतो. श्वपाक म्हणजे कुत्रं शिजवून खाणारा. वस्तीबाहेर ठेवलेल्या माणसाला दिलेलं हे नाव. प्रवचनात आपण या शब्दावरून भरकन पुढे जातो आणि आत्मा एकच, इथे येऊन विसावतो. मीही तेच करत आले. या खेपेला मात्र तिथेच अडकले. श्लोकात पाहणारा एकटा ज्ञानी आहे, बाकी सगळे पाहिले जाणारे. श्वपाकाला काय दिसतं, हे कुणी विचारलेलं नाही.

आम्ही सिएटलजवळ, तळ्याच्या पूर्वेला राहतो. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी वाचन असतं. आधी हरिपाठ, मग संतचरित्र, मग जेवण. कुणी काय आणायचं याची यादी गेली बरीच वर्षं मीच करते. काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं येऊ लागलं. तो इथल्याच एका कंपनीत इंजिनीअर. मूळचे मंगळवेढ्याजवळचे, आजोबा माळकरी. गळा तर असा की पहिल्याच दिवशी सगळे गप्प बसून ऐकत राहिले. आडनाव गावावरून घेतलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळेना. मग जेवताना मी सहज म्हणून विचारलं, "मंगळवेढ्यात नक्की कुठे? मूळ आडनाव काय तुमचं?" तो क्षणभर थांबला, मग त्यानं सांगितलं. मी "अच्छा अच्छा" म्हटलं आणि कोशिंबीर पुढे केली. नंतर स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, "बघून वाटत नाही हं." ते कौतुकानं म्हटलेलं होतं, हेच जास्त वाईट.

पुढच्या यादीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलं : पेपर प्लेट्स, पाण्याच्या बाटल्या. त्याच्या पुढच्या वेळी तेच. तिसऱ्यांदाही तेच. लहान बाळ आहे, तिला कुठे स्वयंपाकाचा त्रास द्यायचा, असं मी मनाशी म्हणत होते. बाळं इतरांचीही होती. त्यांच्याकडून मी पुरणपोळ्या करवून घेत होते. आणि त्या महिन्यात आम्ही वाचत काय होतो, तर एकनाथांचं चरित्र. नाथ राण्या महाराच्या घरी जेवायला गेले ती कथा. मला वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आठवतं.

ते यायचे थांबले. आम्ही म्हणालो, बिझी असतील.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगर परिषदेपुढे ठराव आला, की नोकरी, घर आणि सार्वजनिक सेवांमध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी असावी. मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. आमच्या ग्रुपवर एक पत्र फिरलं, विरोधाचं. आमच्या समाजात इथे कुणी जात पाळत नाही, कायदा केलात तर आमच्या मुलांकडे संशयानं पाहिलं जाईल, असा मजकूर. मी सही केली. संशयाची भीती अगदीच खोटी आहे असं मी आजही म्हणणार नाही. २०२० साली कॅलिफोर्निया सरकारनं सिस्को कंपनीवर आणि तिथल्या दोन अभियंत्यांवर जातिभेदाचा खटला भरला. पुढे त्या दोघांविरुद्धचा दावा सरकारनं स्वतःच मागे घेतला. मधली वर्षं त्यांनी कशी काढली असतील! पण संशय येईल म्हणून तक्रारीची वाटच असू नये, हे कसं? आपलं नाव जपायला दुसऱ्यानं गप्प राहायचं?

सहीनंतर दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. "ताई, पत्र वाचलं. प्लेट्स संपल्या असतील तर सांगा, आणून देतो."

बाकी काही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणजे पहिल्या यादीपासून त्याला सगळं दिसत होतं. मला दिसत नव्हतं, आणि त्या न दिसण्यालाच मी समदृष्टी समजत होते. 'मी जात बघत नाही' हे मी किती सहज म्हणत आले! मला कधी कुणी मूळ आडनाव विचारलं नाही, विचारलं असतं तरी माझा घास अडला नसता.

२१ फेब्रुवारीला ठराव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. अमेरिकेतलं असं पहिलंच शहर. कॅलिफोर्नियात मात्र सिनेटर आयशा वहाब यांचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही राज्यपाल न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारलं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, हे कारण. त्याआधी सॅक्रामेंटोत कार्यकर्ते उपोषणाला बसले होते. मला पंढरपूर आठवलं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून दहा दिवस उपाशी राहिले. गुरुजींना ते दार कधीच बंद नव्हतं. दुसऱ्यासाठी ते उपाशी राहिले. इथे ज्यांना सोसावं लागतं त्यांनाच उपाशी राहावं लागलं, आणि आमच्यासारखे सह्या करत होतो. त्याही विरोधाच्या.

हे काही आजचं नाही. कॉर्नेलला असताना आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हिंदू परदेशी जातील तर जात हा जगाचा प्रश्न होईल, असं त्यात म्हटलं आहे. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी त्याचाच दाखला दिला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आमचा विमानप्रवास व्हायला अजून कितीतरी काळ होता, आणि आमच्या सामानात काय असेल ते दोन मराठी माणसांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

दीड वर्ष मी त्या मेसेजला उत्तर दिलं नाही. परवा श्लोक समोर आला आणि फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. बोलली नीट, पण 'या एकदा' म्हणाली नाही. मग तो आला. मी माफी मागू लागले तर म्हणाला, "राहू द्या ताई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय म्हणू?" मी विचारलं, मग मी काय करू? तो म्हणाला, "त्या पत्रावर तुमचं नाव अजून आहे."

सह्या गोळा करणाऱ्या गृहस्थांना मी काल कळवलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, "आता काय उपयोग? कायदा होऊन गेला." मी म्हटलं, तरी काढा. का, ते दोनदा विचारलं. प्लेट्सचं सांगितलं तर म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून?" शेवटी काढलं. शनिवारच्या यादीचं काम मी सोडलंय, आणि का सोडलं तेही ग्रुपवर लिहिलंय. दोघींनी अंगठा दाखवला, बाकी शांतता आहे.

त्यालाही कळवलं. वाचल्याची निळी खूण दिसते. उत्तर आलेलं नाही.

रामकृष्ण हरी.