चढणाऱ्यावरच ठेवलेलं बोट

आत्मविकासाच्या कार्यशाळांमधून हल्ली जे. कृष्णमूर्तींचा हवाला सर्रास दिला जातो. सत्याकडे नेणारी ठरलेली वाट नाही, असं ते म्हणाले होते. तेव्हा ज्याचं सत्य त्याच्यापाशी, त्यावर इतरांनी प्रश्न विचारायचे नाहीत! हा अर्थ नुसता सैल नाही, पार उलटा आहे.

तो उलटा कसा, हे कळायला कृष्णमूर्ती ज्या थिऑसॉफिकल सोसायटीत वाढले, तिच्यापासून सुरुवात करावी लागते. तिचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे: १८७५ साली न्यूयॉर्क, ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट, १८७९ मध्ये मुंबई, मग अड्यार. इथे महत्त्वाची आहे ती तिची आत्म्याविषयीची कल्पना. माणसातला खरा ‘मी’ जन्मोजन्मी शिकत जातो, दीक्षेची एकेक पायरी चढतो आणि आधी पोचलेले गुरू, म्हणजे ‘महात्मे’, त्याला हात देतात.

या विचारात औदार्य होतं. वंश, जात, धर्म न पाहणारा बंधुभाव हे सोसायटीचं पहिलं उद्दिष्ट. पण पायऱ्या आल्या, की कोण कितव्या पायरीवर हे ठरवणारेही येतात. १९२५ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या ओमेनच्या शिबिरात सोसायटीच्या अध्यक्ष अ‍ॅनी बेझंटबाईंनी भावी जगद्गुरूच्या, म्हणजे त्यासाठी निवडलेल्या कृष्णमूर्तींच्या, काही शिष्यांची नावंच जाहीर केली. त्याच नोव्हेंबरात कृष्णमूर्तींचा धाकटा भाऊ नित्यानंद क्षयाने कॅलिफोर्नियात वारला. महात्मे त्याला जाऊ देणार नाहीत, असा कृष्णमूर्तींचा भरवसा होता. भारताकडे निघालेल्या बोटीवर, सुएझपाशी, तार आली. रात्री ते झोपेत हुंदके देत आणि नित्याला हाका मारत, कधी तेलुगूत, असं केबिनमधले सोबती बी. शिवराव यांनी सांगून ठेवलं आहे.

३ ऑगस्ट १९२९ रोजी ओमेनलाच, बेझंटबाई आणि सुमारे तीन हजार सभासदांच्या देखत, कृष्णमूर्तींनी जगद्गुरूच्या आगमनासाठी उभारलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना विसर्जित केली. तिच्या कामासाठी भेट मिळालेला एर्डेचा किल्ला मूळ मालकाला परत गेला.

गुरुबाजीविरुद्धचं बंड, एवढाच या दिवसाचा अर्थ सगळे लावतात. पण शिडी मोडून चढणारा तसाच राहिला असता, तर त्याने दुसरी शिडी शोधली असती. ओमेनला सुरू झालेला विचार पुढच्या दशकांत त्या चढणाऱ्यापर्यंत गेला. आज मी रागीट आहे, साधनेने उद्या शांत होईन, असं म्हणणारा त्या रागाहून वेगळा आहे का, हा कृष्णमूर्तींचा खरा प्रश्न. राग आवरू पाहणारा ‘मी’ हाही त्यांच्या मते आठवणी, भीती आणि इच्छा यांचीच जुळणी. थिऑसॉफीने ज्याला प्रवासी मानलं, त्यालाच त्यांनी अडसर ठरवलं. गुरूचा अधिकार झुगारल्यावर स्वतःच्या अनुभवाचा अधिकार गादीवर बसवायलाही ते तयार नव्हते.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात त्यांची व्याख्यानं होत. मी सांगतो म्हणून मान्य करू नका, हे तर ते बजावतच. पण स्वतःच्या निष्कर्षांना, श्रद्धांना, अनुभवांनाही चिकटून राहू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगत. कार्यशाळांमध्ये यातलं पहिलं तेवढं पोचलं आहे. दुसरं सांगितलं, तर ‘माझं सत्य’ घेऊन आलेल्या माणसाला तेच आधी तपासायला बसावं लागेल.