पूर्वजाचे नाव कुणासाठी?

पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये उमरावांच्या खाली आणि साध्या शेतकऱ्यांच्या वर एक वर्ग होता. जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा, गावात मान असलेला हा वर्ग म्हणजे जेंट्री. या वर्गातील पूर्वजाचा माग काढताना जन्माची नोंद सापडत नाही, कारण पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने 1538 मध्ये सुरू झाल्या. त्याआधीचा माणूस दप्तरात येतो तो मुख्यतः दोन वाटांनी: त्याच्या जमिनीमुळे आणि त्याच्या आत्म्याच्या काळजीमुळे. मृत माणसाचे नाव जपायचे ते मृतासाठी की जिवंतांसाठी, हा धार्मिक प्रश्न त्यामुळे वंशावळीच्या साध्या कामातही टाळता येत नाही.

जमिनीची बाजू आधी. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मेला की एस्चीटर हा राजाचा अधिकारी गावातील पंच बसवून चौकशी करी. मृताकडे कोणती जमीन होती, तो कधी वारला, वारस कोण आणि त्याचे वय किती, एवढेच त्याला हवे असे. वारस अज्ञान असेल तर जमिनीचा आणि वारसाच्या लग्नाचा ताबा राजाकडे जाई. चौकशीचा हेतू तोच होता. म्हणूनच पंधराव्या शतकातील शहाणी घराणी जमीन विश्वासू मित्रांच्या नावे करून ठेवत. अशा माणसाच्या चौकशीत ‘काही जमीन नव्हती’ असे लिहिलेले सापडले तर तो निर्धन होता असे समजू नये. कायद्याचा सल्ला त्याला चांगला मिळाला होता, एवढाच अर्थ बहुधा निघतो.

1413 च्या एका कायद्याने काही प्रकारच्या दाव्यांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा आणि राहण्याचे ठिकाण नोंदवणे सक्तीचे केले. एस्क्वायर, जेंटलमन, हजबंडमन (शेतकरी) ही बिरुदे नावापुढे नियमाने दिसू लागतात ती यानंतर. एकच माणूस एका दाव्यात जेंटलमन आणि दुसऱ्यात हजबंडमन म्हणून भेटतो. त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या मानणे धोक्याचे, आणि बिरुद जुळले नाही म्हणून दोन माणसे मानणेही तितकेच धोक्याचे.

आत्म्याची बाजू मृत्युपत्रांत दिसते. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात नोंदलेली मृत्युपत्रे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहेत. त्यांचा आरंभ जमिनीने होत नाही. आत्मा देवाला, देह अमुक चर्चच्या भूमीला, मेणबत्त्यांसाठी इतके, राहिलेल्या धर्मकरासाठी इतके, आणि मग मिस्सांची, म्हणजे आत्म्यासाठीच्या चर्चमधील उपासनाविधींची, व्यवस्था. पापांची क्षमा मिळाली तरी त्यांची शिक्षा भोगून आत्म्याला परगेटरीत शुद्ध व्हावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी तो काळ सुसह्य होतो, अशी चर्चची शिकवण होती. 1274 च्या ल्यों आणि 1439 च्या फ्लॉरेन्स धर्मपरिषदांनी ती अधिकृतपणे मांडली होती. ऐपत असलेली माणसे चँट्री स्थापत, म्हणजे आपल्या व आपल्या माणसांच्या आत्म्यासाठी रोज मिस्सा म्हणणाऱ्या धर्मगुरूच्या पोटापाण्याला जमीन लावून देत. नाव उच्चारले जाणे हीच मृताला केलेली मदत होती.

नॉरफकच्या पॅस्टन घराण्याची पत्रे आणि दस्तऐवज मोठ्या संख्येने उरले असल्याने या साऱ्याचा कस तेथे लागतो. त्यांच्या आयुष्यावर ज्याची सावली पडली तो सर जॉन फास्टॉल्फ 5 नोव्हेंबर 1459 रोजी निपुत्रिक वारला. फ्रान्सच्या युद्धात त्याने अमाप पैसा मिळवला होता. केस्टर येथील आपल्या वाड्यात धर्मगुरू आणि सात गरीब माणसे ठेवावीत, त्यांनी आपल्यासाठी सदैव प्रार्थना करावी, ही त्याची इच्छा. मरणाआधी दोन दिवस त्याने तोंडी मृत्युपत्र केले आणि नॉरफक व सफकमधील जमिनी जॉन पॅस्टनला दिल्या, असा पॅस्टनचा दावा होता. मृत्युपत्राच्या इतर व्यवस्थापकांनी तो खोटा ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले. साक्षी झाल्या, 1469 मध्ये ड्यूक ऑफ नॉरफकने केस्टरला वेढा घातला, माणसे मेली. शेवटी 1470 मध्ये व्यवस्थापकांपैकी एक असलेल्या बिशप वेनफ्लीटशी तडजोड झाली आणि प्रार्थनेसाठीची बरीच मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेली. केस्टरला ती संस्था कधीच उभी राहिली नाही. फास्टॉल्फच्या मालमत्तेची शेकडो कागदपत्रे मात्र याच तडजोडीमुळे त्या कॉलेजच्या दप्तरात सुरक्षित आहेत. त्याने मागितली होती प्रार्थना. त्याच्या वाट्याला आले दप्तर.

जॉन पॅस्टन स्वतः मे 1466 मध्ये लंडनमध्ये वारला आणि ब्रॉमहोम मठात पुरला गेला. अंत्यविधीच्या खर्चाचा हिशेब शिल्लक आहे. मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून चर्चच्या खिडकीची तावदाने काढणाऱ्या कारागिराची मजुरीही त्यात आहे. इतका थाट करूनही त्याच्या थडग्यावरचा दगड वर्षे गेली तरी बसला नव्हता. लोक नावे ठेवतात, असे विधवा मार्गारेटने मुलाला कळवले. मार्गारेटची शंभराहून अधिक पत्रे उरली आहेत, पण ती निरनिराळ्या लेखनिकांच्या हातची आहेत. 1482 च्या मृत्युपत्रात तिने नवऱ्याशेजारी नव्हे, तर माहेरच्या मॉटबीच्या चर्चमध्ये जागा मागितली. तेथे एका धर्मगुरूने सात वर्षे तिच्यासाठी, आईवडिलांसाठी, नवऱ्यासाठी आणि दोन्ही घरांच्या पूर्वजांसाठी प्रार्थना करावी असे सांगितले. त्या चर्चचा तो भाग पुढे नाहीसा झाला आणि तिचे थडगेही.

याच घराण्याच्या मुळाविषयी दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे आहेत. पहिला शत्रूने लिहिलेला. त्यानुसार 1419 मध्ये वारलेला क्लेमंट पॅस्टन नांगर धरणारा साधा शेतकरी होता, खोगिराविना घोड्यावर धान्य घालून गिरणीला जाई, आणि त्याची बायको बीट्रिस बंधनातल्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीत गणल्या जाणाऱ्या कुळातली होती. क्लेमंटच्या मेव्हण्याच्या मदतीने शिकलेला त्याचा मुलगा विल्यम, म्हणजे जॉन पॅस्टनचा बाप, 1429 मध्ये राजाच्या न्यायालयात न्यायाधीश झाला, हे निर्विवाद आहे. दुसरा कागद राजा चौथ्या एडवर्डचा, 1466 चा. पॅस्टन कुळ विजेत्या विल्यमच्या काळापासून प्रतिष्ठित रक्ताचे आहे, असा निर्वाळा त्यात आहे. बंधनातल्या कुळाचे ठरले असते तर जमिनी जप्त झाल्या असत्या, म्हणून तो निर्वाळा मिळवला गेला. अभ्यासकांचा कल शत्रूच्या कागदाकडे आहे आणि तो रास्त आहे. राजाच्या शिक्क्यामागे फायदा मोठा होता, तर गिरणीच्या वाटेचे तपशील शेजाऱ्यांना तपासता येण्याजोगे होते. तरीही शत्रू तो शत्रूच. बायकोच्या कुळाविषयीचे त्याचे म्हणणे साक्ष म्हणून घ्यावे, निकाल म्हणून नव्हे.

मग क्लेमंटची आठवण कोणती खरी? वंशजांनी नॉर्मन पूर्वज जोडून त्याला मोठे केले असे वाटते, पण प्रत्यक्षात त्यांनी त्याला पुसले. ज्याने कष्टाने मुलाला शिकवले त्या बापाच्या जागी त्यांनी कधी न जगलेला एक सरदार बसवला. मध्ययुगीन श्रद्धेच्या मापानेही हे चुकीचेच ठरते, कारण प्रार्थना खऱ्या नावासाठी मागितली जाते. कल्पित पूर्वजाच्या आत्म्याला मिस्साची गरज नसते.

पुढे ती श्रद्धाच राज्याने मोडली. 1530 च्या दशकात मठ बंद झाले, ब्रॉमहोमही. 1547 च्या कायद्याने परगेटरीची कल्पना फोल ठरवून चँट्रींची मालमत्ता राजाकडे घेतली. जप्तीआधी अधिकाऱ्यांनी प्रत्येक चँट्रीचे उत्पन्न, तिथला धर्मगुरू आणि बहुधा संस्थापकाचे नावही लिहून घेतले. कित्येक संस्थापकांच्या देणगीची उरलेली नोंद म्हणजे ती थांबवणारा हा कागद.

परगेटरी नाकारणारे धर्मसुधारक मृतांवरील प्रेमाला विरोध करत नव्हते. मुक्ती विकत मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे गंभीर होते. परंतु मृताला काही देता येत नाही असे मानले, तरी त्याच्याविषयी खोटे न बोलण्याचे कर्तव्य उरतेच, कारण त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. वंशावळ लिहिणाऱ्याने अंदाज हा अंदाज म्हणूनच नोंदवावा आणि तुटलेला दुवा तुटलेलाच ठेवावा. मृत्युपत्र हाती आले तर जमिनीच्या यादीकडे धावण्याआधी प्रार्थनांचा परिच्छेद पूर्ण उतरवून घ्यावा. आई, पहिली पत्नी, लहानपणी गेलेले मूल, जुना धनी यांची नावे पुष्कळदा तेथेच सापडतात आणि दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत.