मारका बैल आणि पाणी शिरलेलें डिझेल

शास्त्रपाठ : निर्गम २१ : २८–३६.

प्रियहो, मोशेच्या नियमशास्त्रांतील हा भाग प्रार्थनामंदिरांत फारसा वाचला जात नाहीं. त्यांत स्तोत्रांचें माधुर्य नाहीं कीं संदेष्ट्यांची गर्जना नाहीं. बैल, गाढव, खड्डा आणि नुकसानभरपाई, एवढेंच त्यांत आहे. तथापि ज्याच्या दारीं दावणीला जनावर असतें, त्याला हा भाग समजावून देण्यास शास्त्री लागत नाहीं.

पहिला नियम असा कीं, बैलानें एकाएकीं शिंग मारून मनुष्याचा प्राण घेतला तर बैलाचा वध करावा, परंतु धन्याला दोष लावूं नये. मात्र तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी सूचना मिळालेली असेल, आणि तरीहि त्यानें त्यास आवरून ठेविलें नसेल, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब धन्यानें द्यावा. बैल तोच, शिंगें तींच. भेद आहे तो धन्याच्या ठाऊक असण्यांत. दुसरा नियम खड्ड्याचा. कोणी खड्डा उघडा टाकला व त्यांत शेजाऱ्याचें जनावर पडून मेलें, तर खड्डेवाल्यानें किंमत भरून द्यावी. येथें "मला ठाऊक नव्हतें" हें उत्तर चालत नाहीं, कारण झांकण घालणें हें त्याचेंच काम होतें.

हे दोन नियम हातीं घेऊन आज आपण होडीच्या टाकींतील पाणी शिरलेल्या डिझेलाचा विचार करूं. कोणी म्हणेल, डोंगरच्या शेतकऱ्यांना होडीची गोष्ट कशाला? तर आपला मुलूख पाहा. ज्या गांवावरून आंबेगाव तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव आहे. ते ह्याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढें त्यांनीं प्राण दिला. ज्यांची भातखाचरें बुडालीं, त्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबांनीं त्याच पाण्यावर मासेमारी धरली. त्यांच्यामध्यें काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ सालीं इक्वेटर पारितोषिक मिळालें. जुन्नर तालुक्यांत तर माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे असे जलाशय आहेत. तेव्हां होडी ही आतां आमच्याहि घरची वस्तु झाली आहे. पुष्कळ होड्या वल्ह्यांवर चालतात. पण जेथें मशीन बसलें तेथें डिझेलाचा किंवा पेट्रोलाचा कॅन आला. आणि तोच कॅन कांठावरच्या शेतकऱ्याच्या पाणी ओढणाऱ्या इंजिनालाहि लागतो, ही गोष्ट पुढें कामास येईल, म्हणून लक्षांत ठेवावी.

आतां पाणी टाकींत येतें तरी कोठून? बहुधा उघड्या खड्ड्यांतूनच. झांकणाचा रबर फाटलेला असतो आणि पावसाळ्यांत भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस आडवा लागतो. टाकी अर्धी रिकामी ठेविली तर आंतल्या हवेंतील दमट वाफ रात्रींच्या गारव्यानें थिजून थेंब होते. यासाठीं काम संपतांच टाकी भरून ठेवणारा शहाणा. पिंपाची गोष्ट तर फार जणांना ठाऊक नसते. पिंप उभें ठेविलें कीं त्याच्या डोक्यावर पावसाचें पाणी सांचतें. दिवसा उन्हानें आंतली हवा फुगून बाहेर पडते, आणि रात्रीं पिंप थंड झालें म्हणजे तें बुचाच्या आंट्यांतून तें पाणी आंत ओढून घेतें. बूच घट्ट लावलें होतें, अशी शपथ घेणारा मनुष्य खोटें बोलत नसतो! म्हणून पिंप आडवें निजवावें, व दोन्ही बुचें एका पातळींत, आंतून तेलाखालीं राहतील अशीं ठेवावीं.

एक लिटर पाण्याचें वजन १ किलो, आणि एक लिटर डिझेलाचें सुमारें ८३० ग्रॅम. त्यामुळें पाणी तळाशीं जातें व तेथें निमूट बसतें. टाकीची नळी तळापासून किंचित् वर असते. म्हणून पाणी निवांत असतां मशीन बिनतक्रार चालतें, आणि धन्याला वाटतें सर्व ठीक आहे. वारा सुटला, लाटा उठल्या, होडी डोलूं लागली, कीं तळचें पाणी हलून नळींत शिरतें. अर्थात् ज्या घटकेला मशीनची सर्वांत अधिक गरज, त्याच घटकेला तें बंद पडतें, आणि तेव्हां होडींत बायकापोरें असतात. शिवाय पंपाचे व नोझलचे भाग इतके बारीक बसविलेले असतात कीं डिझेल हेंच त्यांचें वंगण. पाण्याला तो गुण नाहीं, म्हणून ते झिजतात व गंजतात. पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर बुरशीहि वाढते, व तिचा काळा चिकट गाळ फिल्टर तुंबवितो. सरकारी मानकाप्रमाणें १ किलो डिझेलांत २०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक पाणी नसावें. हें प्रमाण चार-पांच थेंबांहून अधिक नाहीं.

थोड्या पाण्यानें काय होतें, असें विचारणाऱ्यास एक घडलेली गोष्ट सांगतों. १७ जानेवारी २००८ रोजीं बीजिंगहून लंडनला आलेलें एक बोइंग ७७७ विमान हीथ्रो येथें धावपट्टीच्या अलीकडेंच आदळलें. आंत १५२ माणसें होतीं. देवाच्या दयेनें कोणाचाहि प्राण गेला नाहीं. चौकशींत दिसून आलें कीं इंधनांत जें अत्यल्प पाणी असतेंच, त्याचा थंडीनें बर्फ होऊन तो वाटेंत सांचला होता, आणि उतरतांना अधिक इंधन मागतांच तो सुटला व त्यानें इंजिनांची वाट अडविली. असें होऊं शकतें हें तोंवर कोणाला उमगलें नव्हतें. तो बैल पहिल्यानेंच मारीत होता. परंतु एकदां कळल्यावर तो भाग नव्या रीतीनें बनविण्यांत आला. नियमशास्त्र मनुष्याकडून जें मागतें, तें हेंच.

तेव्हां होडीवाल्यानें आपला बैल ओळखावा. स्वच्छ कांचेच्या बाटलींत टाकीच्या तळचें डिझेल घ्यावें व ती न हालवितां स्थिर ठेवावी. खालीं वेगळा थर दिसला तर तें पाणी. डिझेल ताकासारखें धूसर दिसलें तर पाणी अजून बारीक कणांनीं मिसळलेलेंच आहे. त्याला अधिक वेळ द्यावा. मग टाकीच्या व फिल्टरच्या तळचे नट सोडून पाणी डब्यांत काढावें, फिल्टर बदलावा, आणि हातपंपानें नळींतली हवा काढून टाकावी. हें सर्व होडी कांठाला लावून करावें. पेट्रोल असल्यास विशेष जपावें, कारण त्याची वाफ हवेपेक्षां जड असून होडीच्या तळांत सांचून राहते, आणि एका विडीनें अनर्थ होतो.

पेट्रोलासंबंधीं आणखी एक. २०२५ सालीं देशानें पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांना ऊस घालणाऱ्या आपल्या लोकांना इथेनॉल नवें नाहीं. तें पाण्याला जवळ ओढतें. पाणी मर्यादेबाहेर गेलें म्हणजे इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशीं उतरतें, आणि वर उरलेलें पेट्रोलहि पूर्वीसारखें राहत नाहीं. म्हणून डिझेल निवळून वरचें वापरतां येतें, परंतु असें फुटलेलें पेट्रोल वापरूं नये.

आतां खरा प्रश्न. समजा, चाळीस लिटर डिझेल असें बिघडलें. चाळीस लिटर म्हणजे गरिबाची कित्येक दिवसांची मजुरी. तें टाकून दे, असें सांगणें व्यासपीठावरून सोपें असतें. मनुष्याच्या मनांत दोन वाटा येतात. एक, अंधार पडल्यावर जलाशयांत ओतावें. पण ह्याच पाण्यांत त्याचें जाळें आहे, आणि खालच्या गांवांच्या घागरी व शेतें ह्याच पाण्यावर आहेत. तेलाचा पापुद्रा पाण्यावर दूरवर पसरतो, आणि तो कोणाचा हें कोणी ओळखीत नाहीं, म्हणूनच हा मोह वाईट. दुसरी वाट अधिक गोड आहे. कांठावरच्या शेतकऱ्याला जाऊन म्हणावें, "दादा, थोडें डिझेल जास्त झालें आहे, पंपापेक्षां स्वस्तांत देतों." शेतकरी उपकार मानतो, वर चहा पाजतो. दोन दिवसांनीं त्याचें इंजिन बंद पडतें, नोझल जातें, कांद्याचें पाणी चुकतें, आणि तो बिचारा आपल्या नशिबाला बोल लावतो.

प्रियहो, ज्या क्षणीं बाटलीच्या तळाशीं तो थर दिसला, त्या क्षणीं बैल मारका आहे अशी सूचना धन्याला मिळाली. यापुढें त्यानें तो बैल दुसऱ्याच्या दावणीला न सांगतां बांधला, तर शास्त्राचा जाब त्याच्याकडेच. स्वस्त दिलें म्हणून तो सुटत नाहीं. उलट स्वस्त दिलें यावरूनच त्याला ठाऊक होतें हें सिद्ध होतें. मला तर वाटतें, आपल्या मंडळ्यांत व्यभिचारावर जितकीं प्रवचनें होतात, त्याच्या चौथाईनें जरी ह्या विक्रीवर झालीं असतीं तरी बरें झालें असतें.

मग गरिबानें करावें काय? डिझेल स्वच्छ पिंपांत दोन-तीन दिवस निवळूं द्यावें, वरचें हळूच काढावें, पाणी वेगळें करणाऱ्या फिल्टरमधून गाळावें, आणि पुन्हां बाटलींत पाहावें. निर्मळ दिसलें तर प्रथम जमिनीवरच्या आपल्याच इंजिनाला घालावें. माणसें बसलेल्या होडीवर त्याची परीक्षा करूं नये. अशा रीतीनें बहुतेक डिझेल वांचतें. तळचा गाळ व फुटलेलें पेट्रोल जमिनीवर, गटारांत किंवा आगींत ओतूं नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असें तेल परवानगी असलेल्यासच द्यावें लागतें. तेव्हां ज्या गॅरेजचें जुनें तेल असा मनुष्य नेतो, तेथें तें पोंचवावें. पाणी पंपावरूनच आलें असा संशय असल्यास पावती व नमुना घेऊन त्याच दिवशीं जावें, मात्र अगोदर आपल्या पिंपाचें झांकण पाहून घ्यावें.

गाळ पोंचेपर्यंत घरांत ठेवणें भागच पडतें. उपदेशक बंधूंनीं घरोघरीं जातां हें अवश्य सांगावें, कारण रॉकेल समजून कोणी तें दिव्यांत किंवा स्टोव्हांत ओतलें तर भडका उडेल. कॅनवर ठळक अक्षरांनीं "पाणी मिसळलें आहे" असें लिहावें, जिला वाचतां येत नाहीं तिच्यासाठीं तोंडाला लाल फडकें बांधावें, आणि तो चुलीपासून व लेंकरांच्या हातापासून दूर, गोठ्याबाहेर झांकून ठेवावा.