अख्खी नानकटाई

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीचा जिना चढू लागलं की दुसऱ्या मजल्यावर तुपाचा वास येतो आणि तिसऱ्यावर वेलदोड्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नानकटाई करतात.

घरात माणसं चार. वहिनी, त्यांचे यजमान, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. यजमान अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, वह्या-पुस्तकं घ्यायला कोणी येईना, आणि त्यांची नोकरी गेली. मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. वहिनींनी पहिली नानकटाई जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, त्यावर ताटली ठेवून भाजली. ती जिन्यातल्या सगळ्यांनी खाल्ली, पुन्हा मागितली आणि दुसऱ्या खेपेला पैसे घ्यायला लावले. मग ओव्हन आला. अन्न सुरक्षेची नोंदणी झाली आणि तो चौदा आकडी क्रमांक लेबलावर छापला गेला. शेजारी हिरवा ठिपका, वजन, केल्याची तारीख. रिकामे डबे यजमान बोहरी आळीतून स्कूटरवर आणायचे आणि भरलेले पोचवायला जायचे. लेबलं चिकटवायचं काम मुलाकडे होतं, आणि एकही लेबल तो तिरकं लावत नसे.

नानकटाई दिसते सोपी, पण करणाऱ्याचे हात भरून येतात. तूप रवाळ लागतं, वितळलेलं चालत नाही. परातीत तळहातानं ते पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेसायचं. पिठीसाखर घालून पुन्हा फेसायचं. मग मैदा, थोडं बेसन, चमचाभर रवा, वेलदोड्याची पूड आणि किसलेलं जायफळ. पाण्याचा थेंब नाही. गोळा जेमतेम वळेल इतपतच मळायचा, कारण जास्त मळला तर नानकटाई दडदडीत होते. भाजताना वर भेगा पडल्या म्हणजे ती जमली. मात्र ओव्हनमधून निघते तेव्हा इतकी मऊ असते की उचलायला जावं तर बोटांतच मोडते. ट्रेमध्येच तिला गार होऊ द्यावं लागतं. घाई करून गरम भरली तर डब्यात वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत सगळी सादळते.

एका ट्रेत सोळा लागायच्या. त्यातल्या एकदोन कितीही जपलं तरी फुटायच्या. निवडायचं काम सासूबाईंचं. चष्मा पुसून त्या ट्रे पुढ्यात घ्यायच्या. अख्खी नानकटाई ताटात, फुटकी स्टीलच्या डब्यात. अख्ख्या बारा नगांचा पाव किलोचा डबा भरायचा, किंमत १८० रुपये. स्टीलचा डबा घरचा. मुलगा शाळेतून आला की त्यात हात घालायचा. घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. फुटलेली नानकटाई विकता येत नाही आणि फेकवत तर मुळीच नाही.

पुढे तो डबाही हलका होऊ लागला. पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं गल्लोगल्ली राहतात. कॉट भाड्यानं घ्यायची, खानावळीचा डबा लावायचा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. इमारतीच्या वरच्या मजल्यावर अशी चार मुलं आहेत. त्यातल्या एकानं संकोचत विचारलं, ‘काकू, तुकडे असतील तर अर्ध्या किमतीत द्याल का?’ वहिनींनी त्याला पिशवी भरून दिली आणि पैसे नको म्हणाल्या. पण मुलगा स्वाभिमानी, फुकट घेईना. त्यानं इतरांना सांगितलं, आणि तुकड्यांच्याही पिशव्या जायला लागल्या. घरच्या डब्यात आता तळाचा भुगा उरायचा.

पुण्यातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद असतात म्हणून जगभर चेष्टा होते. मला ती चेष्टा कधी पटली नाही. लहानपणी मी पाहिलंय, पेठेतला दुकानदार फळ्या लावून घरी जायचा, मुलांसोबत पाटावर बसून जेवायचा आणि मग घटकाभर आडवा व्हायचा. त्या तीन तासांत गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्याच्या घरच्यांपुढे ते लहानच असायचं. घरातल्या धंद्याला अशा फळ्या नसतात. तोच ओटा, तीच परात, तीच खोली. सकाळी नऊला डब्यासाठी कोणी बेल वाजवतं आणि रात्री दहालाही वाजवतं. बाई स्वयंपाकघरातच असते, म्हणून सगळ्यांना वाटतं की ती घरी आहे. मुलालाही तसंच वाटतं, आणि तिथंच त्याची फसगत होते.

मुलानं एकदा विचारलं होतं, ‘आपल्या पेठेला सदाशिव का म्हणतात?’

वहिनी खूश झाल्या. म्हणाल्या, ‘रात्री गोष्ट सांगते.’ झोपताना सुरुवात केली. नानासाहेब पेशवे, त्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ, चिमाजी अप्पांचे चिरंजीव. भाऊंच्या नावानं ही पेठ वसली. १७६० साली भाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं, आणि उत्तरेतून बातमी आली की अब्दाली चालून आलाय, दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. भाऊ सैन्य घेऊन निघाले, आणि...

ओव्हन वाजला. टिंग.

गजर झाला की लगेच उठावं लागतं, नाहीतर आतल्या धगीनं खालची बाजू करपते. वहिनी उठल्या. परत आल्या तोवर मुलाचा डोळा लागला होता. दुसऱ्या रात्री कुठवर आलो होतो ते त्यांना आठवेना, म्हणून पुन्हा उदगीरपासून सुरुवात केली. पुन्हा टिंग. तिसऱ्या रात्री बेल वाजली, डबा न्यायला कोणी आलं होतं. असे दोन महिने गेले. भाऊ काही चंबळ ओलांडेनात.

मग मुलाला एक सवय लागली. ती माझ्या बायकोच्या लक्षात आली. तो काही सांगत असला आणि ओव्हन वाजला, तर तो आपणहून मधेच थांबायचा. वाक्य अर्धंच राहायचं. आईनं उठावं म्हणून पाय आखडून घ्यायचा आणि वाट करून द्यायचा. रुसणं नाही, हट्ट नाही. इतकं शहाणं पोर पाहून लोक कौतुक करायचे. माझ्या बायकोला मात्र ते बघवेना.

एकदा वर्गातल्या मित्राचा वाढदिवस होता, निंबाळकर तालमीजवळ. त्या घरी वहिनींकडचेच डबे गेले होते. ताटलीत केक, वेफर आणि दोन नानकटाया. मुलानं केक खाल्ला, वेफर संपवले. मग नानकटाई उचलली, ताटलीच्या काठावर टेकवून अंगठ्यानं हलकेच दाबली, तिचे चार तुकडे केले आणि एकेक तुकडा तोंडात टाकला. दुसरीचेही तसेच केले.

मित्राची आई म्हणाली, ‘अरे, फोडतोस कशाला? अख्खी खा की!’

तो म्हणाला, ‘अख्खी विकायची असते. खायची फुटकी.’

सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं, तितक्या सहज बोलला. त्याला न्यायला आलेल्या वहिनी तेव्हा दाराशी चपला काढत होत्या.

घरी येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मुलगा झोपल्यावर सासूबाईंपाशी बसल्या आणि घडलं ते सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग जुनं बोलू लागल्या.

‘मी या पेठेत लग्न होऊन आले तेव्हा घरी कुठला ओव्हन? दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मैदा, साखर, डालडा घेऊन आम्ही बायका बेकरीच्या भट्टीवर जायचो. भट्टीवाला मळायचा, पत्र्यांवर लावायचा आणि भाजून द्यायचा. आपण सामान द्यायचं आणि मजुरी द्यायची. रांगच्या रांग असायची. नावाची चिठ्ठी लावलेला डबा धरून दोनदोन तास उभं राहायचं. डबा घरी आला की झाकण लावायच्या आधी माझ्या सासूबाई एक नानकटाई देवापुढे ठेवायच्या आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर एकेक अख्खी. फुटक्या असायच्याच गं. त्या आम्ही मोठी माणसं दुपारी चहात बुडवून खायचो.’

वहिनी म्हणाल्या, ‘पण आई, तेव्हा ती विकायची नव्हती. आता एक अख्खी म्हणजे पंधरा रुपये. चौघांच्या रोज चार धरल्या तर साठ. महिन्याचे अठराशे. शाळेच्या रिक्षाकाकांचे पैसे त्यातूनच जातात. आणि फुटकी काही वाईट असते का? चव तर तीच.’

मला वहिनींचं हे बोलणं खोटं वाटत नाही. नोकरी गेलेलं घर त्यांनी याच हिशेबावर सावरलं होतं. रात्री अकराला ट्रे लावणाऱ्या बाईला घराकडे लक्ष नाही असं म्हणणारा मोठा अन्याय करतो. ते ट्रे ती घरासाठीच लावत होती.

सासूबाई म्हणाल्या, ‘चव तीच आहे. पण गिऱ्हाइकाला एक फुटकी गेली तर तू माफी मागतेस, बदलून दुसरा डबा देतेस. का? तो बोलून दाखवतो म्हणून. घरचं माणूस बोलत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला फुटकं यायचं का? तुला एकटीला नाही बोलत मी. निवडायला मीच बसते ना! रोज माझ्याच हातानं चांगली बाजूला काढली आणि नातवाला मोडकी दिली. आणि नानकटाईचंही सोड. ती भाऊंची गोष्ट त्याला एकदा तरी अख्खी मिळाली का?’

यजमान भिंतीशी बसून ऑर्डरची वही भरत होते. त्यांनी दुसऱ्या दिवसाचं पान उघडलं. पहिल्या ओळीवर लिहिलं, ‘घर – ४ अख्ख्या.’ खाली लिहिलं, ‘रात्री ८ ते ९ ओव्हन बंद.’ मग वही वहिनींपुढे सरकवली. वहिनींनी पेन घेतलं. आम्हाला वाटलं असतं की आता त्या खोडणार. त्यांनी दोन्ही ओळींखाली रेघ मारली.

ही रेघ स्वस्तात पडली नाही. दिवाळीला एका कचेरीतून साठ डबे मागितले होते. रात्रीचा तास गेला तसे साठ बसेनात. वहिनींनी फोन करून सांगितलं, ‘पंचेचाळीस देईन, तेही वेळेवर.’ तिकडून उत्तर आलं की सगळे एका ठिकाणी मिळत नसतील तर नकोच. सगळीच ऑर्डर हातची गेली. त्या महिन्यात रिक्षाकाकांना पैसे वीस तारखेला मिळाले आणि किराण्याच्या यादीतून बदाम-पिस्ते वगळले गेले. वहीतली पहिली ओळ मात्र रोज लिहिली जात होती.

पहिल्या दिवशी आईनं तळहातावर अख्खी नानकटाई ठेवली तेव्हा मुलानं विचारलं, ‘ही कोणाची ऑर्डर?’

‘तुझी.’

त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. मग ताटलीच्या काठाला टेकवली आणि फोडूनच खाल्ली. कोणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. आजी रोज समोर बसायची, आपली फुटकी चहात बुडवायची आणि त्याच्याकडे न बघितल्यासारखं करायची. तिच्या वाट्याची अख्खी ती देवापुढे ठेवायची. पाचव्या दिवशी की सहाव्या दिवशी, त्यानं अख्ख्या नानकटाईचा सरळ चावा घेतला. निम्मी तोंडात, निम्मी हातात, आणि शर्टभर भुगा. वहिनी ओट्याशी तूप फेसत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात परातीत तसाच थांबला.

तुकड्यांच्या पिशव्या वरच्या मजल्यावर अजून जातात. त्या संकोची मुलाला दिवाळीच्या पिशवीत तळाशी कागदात गुंडाळलेल्या दोन अख्ख्या मिळाल्या. त्या त्यानं खाल्ल्या की गावी नेल्या, ते आम्ही विचारलं नाही.

भाऊंची गोष्ट आता रात्री आठ ते नऊ चालते. आमचं घर त्यांच्या खालीच, उन्हाळ्यात दारं उघडी असली की जिन्यातून ऐकू येते. भाऊंनी चंबळ ओलांडली. ऑगस्टात दिल्ली घेतली. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकला, तिथं धान्याची कोठारं हाती लागली. मुलगा मधे मधे विचारतो, घोडे काय खायचे, थंडी किती होती, भाऊंनी घरी पत्र पाठवलं का. वहिनींना सगळंच माहीत नसतं. त्या म्हणतात, उद्या बाबांना विचारू.

परवा मुलगा काहीतरी सांगत होता. यमुनेला पूर असताना अब्दाली कसा आला असेल याचं त्यानं काहीतरी स्वतःचं रचलं होतं. तेवढ्यात शिट्टी वाजली. मुलाचा आवाज मधेच थांबला. घरात क्षणभर काहीच ऐकू आलं नाही.

‘आमच्या कुकरची आहे ती, खालच्यांची,’ असं सांगायला माझी बायको जिन्यात निघालीच होती.

‘खालच्यांची,’ वरून वहिनींचा आवाज आला. ‘तू सांग. यमुनेला पूर आला, मग?’