उपाधी आणि संवाद

राळेगावच्या तहसील कचेरीत फेरफाराची नोंद करून घेण्यास आलेला कास्तकार, व्हरांड्यात शेजारच्या माणसाशी ‘हो जी’, ‘नाही जी’ असे सहज बोलत असतो. परंतु टेबलापलीकडच्या, वयाने त्याच्या मुलाएवढ्या असलेल्या कारकुनाकडे वळताच त्याच्या वाक्याच्या आदी, मध्ये आणि अंती ‘सर’ येऊ लागतो आणि सांगावयाची हकिगत मात्र आक्रसत जाते. अर्जावरचे ‘मेहेरबान’ निदान कागदापुरते तरी राहत असे. ज्याला उपाधीनेच हाक मारावयाची त्याच्याशी संवाद संभवतो काय, हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा, पण मुळात अध्यात्माचा आहे.

इंग्लंडात १७व्या शतकात जॉर्ज फॉक्सचे क्वेकर अनुयायी, ईश्वरापुढे सारे सारखे म्हणून, न्यायाधीशालाही एकेरीत संबोधीत आणि त्यापायी तुरुंगवास पत्करीत. आम्हांला इतक्या टोकाला जाण्याचे कारण नाही. आदर हा संवादाचा शत्रू नव्हे; आमच्या वऱ्हाडातल्याच रिद्धपूरशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांना परमेश्वर मानणारे शिष्य त्यांना ‘जी’ म्हणतात आणि तरीही निःसंकोच प्रश्न विचारतात. ‘जी’ हा उलट दिशेनेही जाऊ शकतो, सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे आणि थोराकडून लहानाकडेही. कास्तकाराने दिलेला ‘सर’ मात्र कारकून परत करीत नाही, आणि खरी मेख येथेच आहे. अर्थात ज्यांच्या आजोबांना गावाने ‘अरे’ म्हणूनच हाक मारली, त्या कोलामाच्या घरातला तरुण शिक्षक झाला आणि तेच गाव त्याला ‘सर’ म्हणू लागले, तर त्या ‘सर’ला नाक मुरडणे हा सुखवस्तूंचा चोखंदळपणा होय, तेथे तो शब्द जुने देणे फेडीत असतो.

गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाने भयभीत झालेला अर्जुन, खेळताना, बसता-उठता, जेवताना आपण या पुरुषाला नावाने, कुळाने आणि सखा म्हणून हाक मारली, याची क्षमा मागतो. एवढ्यावरच गीता संपती, तर प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर तो श्लोक शोभला असता. परंतु अद्याप सात अध्याय उरलेले असतात, आणि श्रीकृष्ण ते विराट रूप आवरून सौम्य मनुष्यरूप धारण करतो व अर्जुन आपले चित्त ठिकाणावर आल्याचे सांगतो, तेव्हाच ते पुढे सरकतात. भयाने स्तोत्र निघते, शंका निघत नाही, हे त्या वक्त्याला ठाऊक असावे. क्षमायाचनेचे पुढे काय झाले, याकडे भाष्यकारांपेक्षा सामान्य वाचकानेच अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते: सतराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन पुन्हा ‘कृष्ण’ अशी नावानेच हाक मारून प्रश्न विचारतो, आणि ऐकणारा, त्या हाकेविषयी एक अक्षरही न काढता, श्रद्धेचे तीन प्रकार सांगू लागतो.