घोड्याच्या पायाशी कुत्रा

कुवेतमधल्या सालमियातल्या आमच्या घरात देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा. त्यात नाशिकहून आणलेले चांदीचे दोन टाक आहेत. शुक्रवारी सुट्टी, म्हणून ते त्या दिवशी विभूतीने घासायचे. परवा लेक मदतीला बसला. दोन्ही टाकांवर घोडेस्वार, दोघांच्या हातात तलवार, आणि पिढ्यांच्या अंगठ्यांनी झिजलेले चेहरे. "आई, यातला देव कोणता?" सासूबाईंनी दाखवलेली खूण मी त्याला दाखवली. सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा, तो खंडोबा. एकटाच आहे तो आपला वीर. आपल्याच घरातला, कुठल्याशा लढाईत गेलेला. धुळवडीला नाशकात असे वीर वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत न्हाऊ घालतात.

अशी खूण सगळीकडे उरत नाही. आयर्लंडमध्ये लू हा देव आणि कू खुलिन हा त्याचा वीर मुलगा. (कू खुलिन म्हणजे कुलनचा कुत्रा, हे ऐकून लेक खूश झाला.) पण त्या कथा लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या लोकांनी. जुने देव त्यांत राजे आणि योद्धे होऊन आले. वेल्समध्येही तेच झालं. आता यातला मूळ देव कोणता, म्हणून अभ्यासक एकेक नाव घासूनपुसून बघतात.

इथे कुवेतच्या आखाती किनाऱ्यासमोरच्या फैलाका बेटावर 4000 वर्षांपूर्वी दिल्मुन संस्कृतीची वस्ती होती. तिथल्या इन्झाक देवाचं नाव तरी कोरीव लेखांत सापडतं. याच आखाताच्या वरच्या अंगाला, इराकात, उरुकचा राजा गिल्गामेश होऊन गेला. कथेत तो दोन भाग देव, एक भाग माणूस. पाण्याच्या तळातून त्याने पुन्हा तरुण करणारी वनस्पती काढली, ती सापाने खाल्ली. रडून झाल्यावर तो घरी आला आणि सोबतच्या नावाड्याला आपल्या गावाची तटबंदी दाखवू लागला. लोकांनी पुढे त्यालाही देव मानलं. मला मात्र त्याचा तो एक भागच जवळचा वाटतो.

सासूबाई देवाकडे मागत. वीराकडे काही मागत नसत. त्याला फक्त सांगत, आज अमुक काम हातात घेतलंय. कामावर निघताना मीही आता तेच करते, एका वाक्यात. आज सकाळी बूट घालता घालता लेक कपाटाशी थांबला. "आज गणिताची परीक्षा आहे," एवढंच म्हणाला, आणि बसकडे पळाला.