हक्क आणि अधिकार

‘अधिकार’ या शब्दाचे दोन अर्थ आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात. शास्त्रकार त्याने पात्रता सुचवितात. कचेरीत तोच शब्द हक्काच्या अर्थाने चालतो. पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असतात, म्हणून भेद जाणवत नाही. मास्टर विठ्ठल यांच्या बाबतीत मात्र तो उघडा पडला.

कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेला हा नट. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीच्या मूकपटांत त्याने तलवार अशी गाजविली की लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. अर्देशिर इराणी यांनी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट काढावयास घेतला, तेव्हा नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांचे नाव मागे पडले आणि विठ्ठल यांचे पुढे आले. त्या नावाला बाजारात किंमत होती. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली आणि दावा जिंकला. हक्क सिद्ध झाला. अडचण पुढेच होती. हिंदुस्थानी उच्चार काही केल्या जमेनात, तेव्हा कथेतील नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवण्यात आले! १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रगृहात लोटलेली गर्दी पडदा बोलतो कसा हे ऐकावयास आली होती. तिच्यापुढे नायक पुष्कळसा मुकाच राहिला.

याला लबाडी म्हणावे की सांभाळून घेणे? मला विठ्ठल यांस दोष देववत नाही. १९३९ च्या ‘नेताजी पालकर’ या मराठी बोलपटात ते पुन्हा दिसले, म्हणजे नट काही संपला नव्हता. परंतु ज्याची जागा गेली त्या मेहबूब खानांचा विचारही मनातून जात नाही. ते पुढे थोर दिग्दर्शक झाले हे खरे. पण ते त्या दिवशी कोणास ठाऊक होते?

हा खटला मला आठवला तो जांबोटीस. देवळात आरती आटोपून पायऱ्या उतरत होतो, तोच एका वृद्ध शेतकऱ्याने वकालतपत्र पुढे केले. जमिनीचा वाद, कागद सारे कानडीत, साक्षीदारही कानडी बोलणारे. माझी घरची भाषा कोंकणी, शिक्षण मराठीत. कानडी कामापुरते येते, पण उलटतपासणीत साक्षीदाराला शब्दांत पकडावे इतके येत नाही. तो माझ्याकडे आला होता केवळ माझ्या वडिलांच्या नावावर. सनद मजजवळ आहे. कायद्याने मला कोणी अडविणार नाही.

“कानडी उत्तम जाणणारे दुसरे वकील सुचवितो,” मी म्हणालो.

“तुमच्या बाबांनी मला कधी दुसऱ्याकडे धाडले नाही, वकीलसाहेब,” तो म्हणाला.

ते वकालतपत्र अजून माझ्या मेजावर आहे. त्यावर त्याचा अंगठा उठला आहे. माझी सही व्हावयाची आहे.